एक नसलेला ग्रह आणि दोन असलेले

आकाशातल्या इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरत असतील का, हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारतोच. आज त्याचे उत्तर 'होय' असे ठामपणे देता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नासा'च्या यादीतील अशा ग्रहांची संख्या ६,००० वर पोचली. पण विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारला, की "हे ग्रह पाहिले कोणी?", तर उत्तर द्यायला जरा वेळ लागतो. कारण यांपैकी बहुतेक ग्रह कोणीच पाहिलेले नाहीत. त्यांच्या असण्याचा काहीतरी परिणाम दिसला, तो मोजला आणि त्यावरून 'येथे ग्रह असला पाहिजे' असा निष्कर्ष काढला.

मग हा निष्कर्ष बरोबर कशावरून? नुसते मोजमाप काटेकोर असून भागते का? या लेखात आपण अशा दोन निष्कर्षांची हकिकत पाहणार आहोत. दोन्ही सहा महिन्यांच्या अंतराने जाहीर झाले. दोन्ही एकाच पद्धतीने काढलेले होते आणि दोन्हींमागे अनुभवी खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांतला एक ग्रह मुळात नव्हताच. दुसऱ्या ताऱ्याभोवतीचे दोन ग्रह मात्र खरे निघाले. हा फरक कसा कळला, हे समजून घेण्यासारखे आहे.

मेलेल्या ताऱ्याचे ठोके

सूर्यापेक्षा पुष्कळ जड असलेला तारा आयुष्याच्या शेवटी प्रचंड स्फोट होऊन फुटतो. या स्फोटाला अतिनवतारा म्हणतात. बाहेरचे थर अवकाशात फेकले जातात आणि आतला गाभा दाबला जाऊन काही वेळा न्यूट्रॉन तारा बनतो. सूर्याहून थोडे अधिकच वस्तुमान, पण व्यास अवघा वीसेक किलोमीटर! म्हणजे एखाद्या मोठ्या शहराच्या आकारात अख्खा सूर्य कोंबावा तसे.

हा तारा स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ लहरींचे झोत बाहेर पडतात. दीपगृहाचा झोत फिरताना किनाऱ्यावरच्या माणसाला जशी ठरावीक वेळाने उघडझाप दिसते, तसा हा झोत पृथ्वीवरून गेला की आपल्या रेडिओ दुर्बिणीत एक ठोका नोंदला जातो. म्हणून अशा ताऱ्याला स्पंदक किंवा पल्सार म्हणतात. पहिला स्पंदक १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीच्या नोंदींत सापडला.

स्पंदकाचे ठोके विलक्षण नियमित असतात. विशेषतः सेकंदाला शेकडो ठोके देणारे स्पंदक दीर्घकाळात अणुघड्याळांशी बरोबरी करतात. आणि घड्याळ इतके चांगले असले, की त्याच्यात पडलेला बारीकसा फरकही काहीतरी सांगू लागतो.

पत्र उशिरा का आले?

एक उदाहरण घेऊ. आपला एक मित्र प्रवासात आहे. तो रोज सकाळी बरोबर आठ वाजता आपल्याला एक पत्र टाकतो. पत्र ठरावीक वेगानेच प्रवास करते असे समजा. मित्र दूर जाऊ लागला तर दोन पत्रांमधले अंतर एका दिवसाहून थोडे वाढेल. तो परत येऊ लागला तर ते कमी होईल. मित्र मोठ्या मैदानाला फेऱ्या मारत असेल, तर पत्रे आळीपाळीने थोडी उशिरा आणि थोडी लवकर येत राहतील. मित्र न दिसताही, केवळ पत्रांच्या वेळा लिहून ठेवून, तो किती मोठी फेरी किती दिवसांत मारतो ते आपण सांगू शकू.

स्पंदकाचे ठोके म्हणजे अशी पत्रे. स्पंदकाभोवती ग्रह असेल, तर ग्रह आणि स्पंदक दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानमध्याभोवती फिरतात. हे दाखवायला पटांगणात एक दणकट आणि एक किरकोळ विद्यार्थी यांना हात धरून फुगडी घालायला सांगावे. किरकोळ मुलगा मोठे वर्तुळ काढतो, दणकट मुलगा लहान वर्तुळ काढतो. पण जागचा हलत नाही असे मात्र होत नाही. ग्रहाच्या ओढीने ताराही असाच हेलकावतो.

हा हेलकावा किती असेल? सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट आहे आणि दोघांमधील अंतर १५ कोटी किलोमीटर. १५ कोटीला ३,३३,००० ने भागले की ४५० किलोमीटर येतात. म्हणजे पृथ्वीमुळे सूर्य ४५० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात डुलतो. साधारण पुण्याहून पणजीला रस्त्याने जाण्याएवढे हे अंतर. प्रकाश आणि रेडिओ लहरी ते दीड मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीत कापतात. तेव्हा पृथ्वीसारखा ग्रह शोधायचा तर ठोक्यांमधला मिलिसेकंदाइतका फरक पकडता आला पाहिजे. चांगल्या स्पंदकाच्या बाबतीत तो पकडता येतो.

येथवर सारे सोपे वाटते. पण पत्रांच्या उदाहरणात एक गोष्ट आपण गृहीत धरली होती. पत्र घेणारे आपण एका जागी बसलेलो आहोत, असे आपण मानले. प्रत्यक्षात तसे नाही.

आपणही फिरतोच आहोत

पृथ्वी सूर्याभोवती फिरते. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाश यायला सुमारे ५०० सेकंद लागतात. क्रांतिवृत्ताजवळच्या एखाद्या स्पंदकाचे ठोके आपण ऐकत असू, तर वर्षाच्या एका काळात पृथ्वी त्याच्या ५०० सेकंदांनी जवळ असते, आणि सहा महिन्यांनी तितकीच दूर. शिवाय दुर्बीण पृथ्वीबरोबर स्वतःभोवतीही फिरते, त्यामुळे दिवसभरात २० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक पडतो. खुद्द सूर्यही स्थिर नाही. गुरूच्या ओढीने तो साडेसात लाख किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात बारा वर्षांची फेरी मारतो. त्याचे होतात अडीच सेकंद.

म्हणून प्रत्येक ठोका केव्हा आला हे नोंदल्यावर, हाच ठोका सूर्यमालेच्या वस्तुमानमध्याशी केव्हा पोचला असता, याचे गणित करावे लागते. आपल्या स्वतःच्या सगळ्या फिरण्याची ही वजाबाकी आहे. शोधायचा आहे एक मिलिसेकंद आणि वजा करायचे आहेत ५०० सेकंद, म्हणजे त्याच्या पाच लाख पट! वजाबाकीत किंचित गफलत झाली, तर जे उरेल ते ताऱ्याच्या हालचालीसारखे दिसेल, पण असेल आपल्याच हालचालीचे.

सहा महिन्यांचा ग्रह

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉड्रेल बँक वेधशाळेत अँड्र्यू लाइन आणि त्यांचे सहकारी स्पंदकांचा अभ्यास करीत होते. 'पीएसआर १८२९-१०' हा त्यांतला एक. सेकंदाला सुमारे तीन ठोके देणारा. त्याच्या ठोक्यांमध्ये त्यांना एक नियमित चढउतार दिसला. २५ जुलै १९९१ च्या 'नेचर'मध्ये लाइन, मॅथ्यू बेल्स आणि सेतनाम शेमार यांनी जाहीर केले, की या स्पंदकाभोवती पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा ग्रह फिरत असावा. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह सापडल्याची बातमी जगभर गेली.

या ग्रहाचा परिभ्रमणकाळ होता सहा महिने. पृथ्वीच्या वर्षाच्या बरोबर निम्मा. हा आकडा पाहून अनेक जाणकारांच्या भुवया उंचावल्या. संशोधकांनाही त्याची कल्पना होती, त्यांनी आपले गणित पुन्हा तपासलेही होते. पण चूक हाती लागली नव्हती.

सहा महिन्यांचाच संशय का यावा? पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ असती, तर तिच्या फिरण्यामुळे ठोक्यांच्या वेळांत पडणारा फरक वर्षातून एकदा वर आणि एकदा खाली जाणारी सुबक लाट असता. पण कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या थोडी जवळ असते आणि वेगाने पळते. जुलैत ती थोडी दूर असते आणि सावकाश चालते. त्यामुळे ती लाट किंचित तिरकस होते. तिरकस लाटेतून सुबक लाट वजा केली, की जी बारीक लाट उरते ती वर्षातून दोनदा वर जाते आणि दोनदा खाली येते. म्हणजेच तिचा आवर्तनकाळ असतो सहा महिने.

जॉड्रेल बँकेत नेमके हेच घडले होते. त्या स्पंदकाची आकाशातली जागा सुरुवातीला थोडी चुकीची धरली गेली होती. ती दुरुस्त करण्याच्या हिशेबात पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार मानलेली होती. जागेतल्या चुकीमुळे आलेली वर्षाची मोठी लाट निघून गेली, पण लंबवर्तुळामुळे आलेली सहा महिन्यांची बारीक लाट मागे राहिली. तीच ग्रह म्हणून पुढे आली.

दुरुस्तीसाठी थांबलेली दुर्बीण

आता दुसरी हकिकत. आलेक्सांदर वोल्श्चान हे मूळचे पोलंडचे खगोलशास्त्रज्ञ. तोरून येथील कोपर्निकसच्या नावाच्या विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १९९० मध्ये ते प्वेर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथे काम करीत होते. तेथे डोंगरांमधल्या खोलगट जागेत ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. (ही दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली.)

एरवी या दुर्बिणीवर वेळ मिळवण्यासाठी शास्त्रज्ञांची रांग असे. पण १९९० च्या आरंभी तिची दुरुस्ती चालू होती आणि तिला एखाद्या ताऱ्याचा माग काढत राहणे शक्य नव्हते. डोक्यावरून जे आकाश सरकेल तेवढेच पाहायचे. बहुतेकांना अशी दुर्बीण नको होती. वोल्श्चान यांना मात्र नवे स्पंदक शोधायचे होते, आणि त्यासाठी सरकते आकाशही पुरेसे होते. या पाहणीत त्यांना दोन नवे स्पंदक सापडले. त्यांतला एक होता 'पीएसआर १२५७+१२'. हे नाव म्हणजे आकाशातला पत्ताच आहे. विषुवांश १२ तास ५७ मिनिटे, क्रांती उत्तर १२ अंश. कन्या राशीतला हा स्पंदक सुमारे २,३०० प्रकाशवर्षे दूर असून सेकंदाला सुमारे १६० ठोके देतो.

त्याचे ठोके हिशेबात बसेनात. वोल्श्चान यांनी लगेच ग्रहाचे नाव घेतले नाही. आधी त्यांनी स्वतःच्या गणितातली सर्वांत कच्ची जागा शोधली, ती म्हणजे स्पंदकाचे आकाशातले नेमके स्थान. हे स्थान ठोक्यांच्या वेळांवरूनही काढता येते, पण तसे केले तर ज्या नोंदी तपासायच्या त्यांच्यावरच विसंबल्यासारखे होते. म्हणून त्यांनी डेल फ्रेल यांना विनंती केली. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात २७ तबकड्यांची 'व्हेरी लार्ज ॲरे' ही दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने फ्रेल यांनी स्पंदकाची जागा स्वतंत्रपणे आणि फार बारकाईने मोजून दिली.

ती जागा गणितात घातल्यावरही चढउतार नाहीसे झाले नाहीत. उलट अधिक स्वच्छ दिसू लागले. एक लाट सुमारे ६६.५ दिवसांची आणि दुसरी ९८.२ दिवसांची. दोन्हींची उंची १.३ ते १.४ मिलिसेकंद, म्हणजे तारा चारशे किलोमीटरच्या आसपास हेलकावतो आहे. वर आपण पृथ्वीसाठी काढलेल्या आकड्याशी हे ताडून पाहावे. ६६ आणि ९८ या दिवसांचा पृथ्वीच्या वर्षाशी काही सोपा संबंध नव्हता. ९ जानेवारी १९९२ च्या 'नेचर'मध्ये वोल्श्चान आणि फ्रेल यांनी दोन ग्रह जाहीर केले. दोन्ही पृथ्वीच्या सुमारे तिप्पट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाचे.

अटलांटातील दोन व्याख्याने

त्याच महिन्यात अटलांटा शहरात अमेरिकन खगोलशास्त्र संस्थेचे अधिवेशन होते. स्पंदकांच्या ग्रहांवर बोलण्यासाठी लाइन आणि वोल्श्चान या दोघांनाही बोलावले होते.

अधिवेशनाला निघण्यापूर्वी लाइन यांनी आपल्या स्पंदकाचे अधिक अचूक स्थान घेऊन गणित पुन्हा केले आणि ग्रह नाहीसा झाला. काही दिवसांनी शेकडो शास्त्रज्ञांसमोर त्याच ग्रहावर त्यांना बोलायचे होते. ते बोलले. चूक कोठे झाली, ती कशी झाली आणि हा ग्रह अस्तित्वात नाही, हे त्यांनी सरळ सांगितले. सभागृहातल्या शास्त्रज्ञांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. लाइन आणि बेल्स यांचे माघारीचे निवेदनही त्याच जानेवारीत 'नेचर'मध्ये छापून आले.

त्यानंतर वोल्श्चान यांना आपल्या दोन ग्रहांविषयी सांगायचे होते. आता त्यांच्या दाव्याकडेही सगळे साशंकपणे पाहणार हे उघड होते. पद्धत तीच आणि ठोके मोजण्याची रीत तीच. मग हेही ग्रह उद्या नाहीसे होणार नाहीत कशावरून?

ग्रहांनीच दिलेली साक्ष

या शंकेचे उत्तर वादविवादाने मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी अशी परीक्षा हवी होती, की जिच्यात ग्रह खरे असतील तरच ते उत्तीर्ण होतील.

६६.५ ची तिप्पट सुमारे २०० येते आणि ९८.२ ची दुप्पट सुमारे १९६. म्हणजे आतला ग्रह तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात बाहेरचा जवळजवळ दोन फेऱ्या पुऱ्या करतो. त्यामुळे साधारण दोनशे दिवसांनी आतला ग्रह बाहेरच्याला गाठतो आणि दोघे ताऱ्याच्या एकाच बाजूला एका रेषेत येतात. अशा प्रत्येक भेटीत ते एकमेकांना ओढतात. भेटी जवळपास त्याच त्या लयीत होत असल्यामुळे ओढ साचत जाते, आणि दोघांच्या कक्षा हळूहळू पण ठरावीक रीतीने बदलतात. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेले लहान लहान झोके साचत जातात तसे हे आहे.

१९९२ मध्येच शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी हे बदल किती व्हायला हवेत याचे भाकीत प्रसिद्ध केले. एका गटात फ्रेडरिक रासिओ होते, दुसऱ्यात भारतीय वंशाच्या रेणू मल्होत्रा. भाकीत अगदी नेमके होते. चढउतार गणितातल्या गफलतीचे असतील, किंवा तारा स्वतःच काही कारणाने डगमगत असेल, तर दोन लाटा एकमेकींना ओढणार नाहीत. एकमेकांना ओढू शकतात ती वस्तुमान असलेली खरीखुरी पिंडे.

वोल्श्चान ठोके मोजत राहिले. १९९४ मध्ये त्यांनी 'सायन्स' नियतकालिकात जाहीर केले, की कक्षांमधले बदल भाकिताप्रमाणेच दिसत आहेत. त्याच नोंदींत २५ दिवसांच्या परिभ्रमणकाळाचा तिसरा, चंद्राच्या दुपटीहूनही कमी वस्तुमानाचा ग्रह आढळला. पुढे २००३ मध्ये या परस्पर ओढीवरूनच मोठ्या दोन ग्रहांची वस्तुमाने पृथ्वीच्या सुमारे ४.३ आणि ३.९ पट असल्याचे काढता आले.

सूर्यमालेबाहेरचे हे पहिले निर्विवाद ग्रह. फुटून गेलेल्या ताऱ्याभोवती ते असावेत याचे सर्वांना नवल वाटले. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते ते स्फोटातून वाचलेले नसून, ताऱ्याभोवती नंतर जमलेल्या द्रव्याच्या चकतीतून तयार झालेले असावेत. तेथे सजीव असण्याची आशा नाही, कारण न्यूट्रॉन ताऱ्याचा प्रारणांचा मारा भयंकर असतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांना सापडला. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथेही हेलकावाच मोजला होता, फक्त ठोक्यांऐवजी ताऱ्याच्या प्रकाशातील वर्णरेषांवरून.

खोडदला आजही तीच वजाबाकी

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथेही स्पंदकांचे ठोके वर्षानुवर्षे मोजले जातात. या नोंदी युरोपातील दुर्बिणींच्या नोंदींशी जोडून, गुरुत्वीय लहरींची खूण मिळाल्याचे जून २०२३ मध्ये जाहीर झाले. त्या कामातही पहिली पायरी तीच, स्वतःच्या फिरण्याची अचूक वजाबाकी.

वर्गासाठी

१. दिनदर्शिका घेऊन २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंतचे दिवस विद्यार्थ्यांना मोजू द्यावेत. ते १८६ भरतात. उरलेल्या अर्ध्या फेरीला राहतात १७९. पृथ्वीची कक्षा वर्तुळ नाही आणि तिचा वेग एकसारखा नाही, हे दुर्बिणीशिवाय घरच्या दिनदर्शिकेतून कळते. याच सात दिवसांच्या फरकाने एक ग्रह 'निर्माण' केला होता.

२. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी आलेखाच्या कागदावर ज्या(क्ष) हा वक्र काढावा. त्याच अक्षांवर ज्या(क्ष) + ०.१ ज्या(२क्ष) हा दुसरा, किंचित तिरकस वक्र काढावा. दोन्हींची वजाबाकी तिसऱ्या आलेखात मांडावी आणि एका आवर्तनात किती शिखरे येतात ते पाहावे.

३. गुरूचे वस्तुमान सूर्याच्या १,०४७ व्या भागाइतके असून सूर्यापासून त्याचे अंतर ७८ कोटी किलोमीटर आहे. त्याच्यामुळे सूर्य किती हेलकावतो ते काढावे आणि सूर्याच्या त्रिज्येशी (७ लाख किलोमीटर) तुलना करावी.

४. चर्चेसाठी एक प्रश्न. प्रयोगशाळेत एखादे मापन अपेक्षेपेक्षा वेगळे आले तर वहीत आपण काय करतो? खोडून टाकतो, तसेच लिहून ठेवतो, की ते वेगळे का आले हे शोधतो? लाइन आणि वोल्श्चान या दोघांनी काय केले, हे सांगून विद्यार्थ्यांना बोलू द्यावे. आमच्या मते या प्रश्नाला एक तास दिला तर तो वाया जाणार नाही.